हसू कुठं दिसतं?

बालमित्रांनो, आज गोष्ट सुरू करायच्या आधी एक छोटंसं काम आहे. आरशासमोर उभे राहा. ओठ थोडे उघडे ठेवा आणि ते एकमेकांना अजिबात लागू न देता मोठ्याने म्हणा : 'मामाने बाबांना पिकलेला आंबा पाठवला.'

काय झालं? मामा गेला, बाबा गेले, आंबाही गेला ना? दादाला आणि ताईलाही करायला लावा. घरात हसाहस होईल, होऊ दे. प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरं ओठांना ओठ टेकल्याशिवाय नीट उमटतच नाहीत. व्याकरणात त्यांना ओष्ठ्य वर्ण म्हणतात. मोठ्या वर्गातल्या मुलांना हे ठाऊक असेल.

आता तसेच ओठ उघडे ठेवून 'आई' म्हणा बरं. आलं की नाही स्वच्छ?

हे का करायला लावलं ते सांगते. जूनमध्ये माझ्या दुसरीच्या वर्गात एक नवा मुलगा आला. वडिलांचं काम बदललं म्हणून दुसऱ्या गावाहून आलेला. त्याचं नाव सांगणार नाही, कारण त्याची ताई त्याला हे पान वाचून दाखवते. पण त्याला आणि त्याच्या आईला विचारूनच लिहिते आहे हं. त्याने हो म्हणताना एक अट घातली. ती शेवटी.

तर हा मुलगा हसायचाच नाही. शाळेच्या पहिल्या आठवड्यात मी मुलांना गमतीच्या गोष्टी सांगते, म्हणजे आईचा पदर सोडून आलेली मुलं रुळतात. सगळा वर्ग लोळायचा, आणि हा दगडासारखा बसलेला. डी.एड.ला असताना आमच्या सरांनी आम्हाला बजावलं होतं, 'फळ्याकडे बघून शिकवू नका, मुलांच्या चेहऱ्याकडे बघून शिकवा. समजलं की चेहरा उजळतो.' त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं निभावली. या मुलाचा चेहरा कधी उजळायचाच नाही. हातच्याची वजाबाकी मी त्याला तीनतीनदा समजावली आणि मग मनातल्या मनात ठरवून टाकलं, की हा ढ आहे. तोंडाने नाही बोलले. पण मुलांना ते कळतंच.

तो मला हाक मारायचा ती 'आई' अशी ऐकू यायची. लहान मुलं चुकून बाईंना आई म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण हा रोज म्हणायचा. वर्ग हसायचा, आणि मी म्हणायचे, 'अरे, घरी नाहीस तू!'

पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. शुद्धलेखन घालताना तो एकसारखा मान वळवून शेजारच्या मुलीकडे बघायचा. डोळ्याच्या कोपऱ्यातून चोरून नाही, अख्खी मान वळवून! मी म्हटलं, काय धीट आहे, बघून लिहितो आणि लपवतही नाही. खिडकीपाशी एक रिकामा बाक होता, तिथे त्याला एकटं बसवलं. दोन आठवडे.

मग वर्गाचे फोटो काढायचा दिवस आला. पुढच्या बाकावर लहान मुलं, मागे मोठी. फोटोवाले काका म्हणाले, 'हसा!' सगळे हसले. हा तस्साच. आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, 'हस की रे जरा! चेहरा काय केलायस मारक्या म्हशीसारखा?'

तेव्हा त्याच्या शेजारची ती मुलगी, हो, तीच शुद्धलेखनवाली, मला म्हणाली, 'बाई, हसतोय ना तो. पाय बघा की त्याचे!'

मी पाय बघितले. बाकाखाली दोन्ही पाय झोपाळ्यासारखे मागेपुढे चालले होते. 'त्याला लई भारी वाटलं की तो असंच करतो,' तिने मला समजावून सांगितलं. वर्गातल्या बऱ्याच मुलांना हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. बाईंना सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि बाईंनी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या आईला बोलावलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत दवाखान्याची जाडजूड फाईल घेऊन त्या आल्या. बाकाच्या टोकावर बसल्या आणि म्हणाल्या, 'बाई, त्याला हसू येतं हो. चेहऱ्यावर येत नाही.'

आता पुन्हा एक काम. उजवा हात घ्या आणि उजव्या गालावर असा ठेवा, की मनगट कानाच्या पाळीपुढे येईल. बोटं पसरा. अंगठा कपाळाच्या कडेला, करंगळी मानेकडे. आपल्या चेहऱ्यात, दोन्ही बाजूंना, अगदी अशाच पसरलेल्या पाच फांद्या असलेला एकेक मज्जातंतू असतो. मेंदूतून अशा मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघतात, त्यातली ही सातवी. भुवया उंचावणं, डोळे घट्ट मिटणं, शीळ घालणं, ओठ मिटणं, हसणं, ही सगळी हिची कामं. सहावी जोडी असते डोळ्यांसाठी. उजवा डोळा उजवीकडे आणि डावा डावीकडे ओढायचं काम तिचं.

काही बाळं जन्मतात तेव्हा या सहाव्या आणि सातव्या जोडीची घडण अपुरी राहिलेली असते. बल्ब आहे, बटण आहे, पण मधली तारच नीट ओढलेली नाही, असं समजा. बटण कितीही दाबा, उजेड पडत नाही. मनात हसू आलं तरी निरोप गालापर्यंत पोचत नाही. याला मोबियस सिंड्रोम म्हणतात. सिंड्रोम म्हणजे एकत्र दिसणाऱ्या लक्षणांचा गट.

आता माझ्या सगळ्या शहाणपणाचा हिशेब लावा. ओठ मिटत नाहीत, म्हणून 'बाई'तला ब गळतो आणि उरते 'आई'. डोळे बाजूला वळत नाहीत, म्हणून शेजारी काहीही बघायचं, खाली पडलेला खोडरबरसुद्धा, तर अख्खी मान वळवावी लागते. तो बघून लिहीत नव्हताच. मी त्याच्या जुन्या वह्या काढून पाहिल्या. त्या मुलीच्या सात चुका होत्या, तिथे त्याच्या दोन.

त्याच्या आईने मग लहानपणचं सांगितलं. बाळाला अंगावर ओढताच येईना. चमच्याने, बोंडल्याने थेंब थेंब दूध पाजलं. डोळे पूर्ण मिटत नाहीत, म्हणून आजही झोपताना डोळ्यांत मलम घालावं लागतं आणि धुळीत खेळून आला की डोळे लाल होतात. मात्र भाकरी तो छान चावून खातो. गंमत आहे की नाही? चावायचे स्नायू पाचव्या जोडीच्या ताब्यात असतात आणि ती त्याची ठीक आहे. गालावरचा स्पर्शही तीच मेंदूकडे नेते. तेव्हा त्याच्या गालाला चिमटा काढला तर दुखतं बरं का!

फाईलमध्ये आणखी एक नाव होतं. पोलंड सिंड्रोम. मला आधी वाटलं, हा युरोपातला पोलंड देश! तसं नाही. नमस्काराला जोडतात तसे तळवे जोडा आणि एकमेकांवर जोरात दाबा. छातीवर दोन्हीकडे काहीतरी घट्ट झालं ना? तो छातीचा मोठा स्नायू. पोलंड सिंड्रोममध्ये एका बाजूच्या या स्नायूचा मोठा भाग जन्मतःच नसतो. बहुतेकदा उजवीकडे, आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त. त्याच बाजूच्या हाताची बोटं आखूड किंवा एकमेकांना चिकटलेली असू शकतात. आमच्या मुलाची उजवी छाती सपाट आहे. त्याची दोन बोटं जोडलेली होती, ती शस्त्रक्रियेने मोकळी केली आहेत. म्हणूनच तो डाव्या हाताने लिहितो आणि कवायतीला कितीही उकडलं तरी शर्टाचं वरचं बटण काढत नाही.

अनेकांना यातलं एकच असतं. काही थोड्या मुलांना दोन्ही एकत्र असतात, याला आहेत तसे.

नावांची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. १८४१ मध्ये लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये आल्फ्रेड पोलंड नावाचा एक तरुण वैद्यकी शिकत होता. एका मेलेल्या कैद्याच्या शरीराचं विच्छेदन करताना त्याच्या लक्षात आलं, की छातीच्या एका बाजूला स्नायूच नाहीत आणि त्याच बाजूच्या हाताची बोटंही वेगळी आहेत. त्याने ते लिहून ठेवलं, एवढंच. त्याचं नाव या विकाराला मिळालं १९६२ मध्ये, म्हणजे १२१ वर्षांनी! मोबियस हे जर्मनीतल्या लाइपझिगचे डॉक्टर, पूर्ण नाव पॉल मोबियस. त्यांनी १८८८ मध्ये चेहऱ्याच्या या विकाराचं वर्णन केलं. त्यांच्या आजोबांना तुम्ही कदाचित ओळखत असाल. कागदाची एक लांब पट्टी घ्या, तिला अर्धा पीळ द्या आणि टोकं चिकटवा. आता पेन्सिल न उचलता मधोमध रेघ ओढत जा. रेघ दोन्ही बाजूंनी फिरून पुन्हा सुरुवातीला येते! हीच ती मोबियसची पट्टी. ती या आजोबांच्या नावाने ओळखली जाते. नातवाचा वाढदिवस २४ जानेवारीला असतो आणि २०११ पासून तो दिवस जगभर मोबियस असलेल्या लोकांचा दिवस म्हणून पाळतात. यंदा आमच्या वर्गाने त्या दिवशी पट्ट्या केल्या. वर्गभर कागदाचे कपटे, आणि झाडायला मी.

आईबाबांनो, आता थोडं तुमच्यासाठी.

फाईल मिटल्यावर त्या माउली बराच वेळ बोलेनात. मग म्हणाल्या, 'चूक माझीच आहे, बाई. ग्रहण पाळलं नाही मी.' २०१८ च्या ३१ जानेवारीला, माघी पौर्णिमेला, चंद्रग्रहण होतं. चंद्र उगवला तोच ग्रहण लागलेला. यांना सातवा महिना लागला होता. सासूबाईंनी चिरायला-कापायला मना केलं होतं. पण माणसं जेवायची होती, म्हणून यांनी मेथी चिरली. एप्रिलअखेर बाळ झालं, आणि तेव्हापासून घरात, गल्लीत, लग्नाकार्यात ती मेथी सात वर्षं यांच्या मागे लागली होती.

मी काही डॉक्टर नाही. पण हिशेब मला येतो. भिंतीवरचं कॅलेंडर घेतलं आणि बोटं मोजली. छातीचा स्नायू आणि हाताची बोटं घडायला लागतात ती गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असताना. त्या सुमाराला तिथल्या रक्तवाहिनीतून रक्त कमी पोचलं, तर ती घडण अर्धी राहते, असं डॉक्टर मानतात. चेहऱ्याच्या मज्जातंतूंचीही घडण सुरुवातीच्या त्याच काळातली. एप्रिलअखेर जन्मलेल्या बाळाचे ते दिवस येतात २०१७ च्या सप्टेंबरात, गणपती उठले आणि नवरात्र बसायचं होतं, तेव्हा. ग्रहण त्यानंतर चार महिन्यांनी. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. चंद्राचा, मेथीचा, विळीचा संबंध येतोच कुठे?

त्यांनी मला पुन्हा एकदा मोजून दाखवायला लावलं. मग म्हणाल्या, 'म्हणजे मेथीचं काही नाही?'

'काही नाही, ताई.'

त्यानंतर त्या जे रडल्या, ते इथे लिहीत नाही.

बहुतेक घरांत असं मूल एकटंच असतं, आधी कुणाला नसतं, नंतरही नसतं. मोबियस असलेल्या काही मुलांमध्ये जनुकांतले बदल सापडले आहेत, ते संशोधन २०१५ मधलं. गरोदरपणाच्या सुरुवातीला घेतलेल्या काही औषधांशीही संबंध आढळला आहे, तेव्हा त्या दिवसांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊ नये. याच्या आईने तसलं काही घेतलं नव्हतं. आणखी एक. मुलीला पोलंड सिंड्रोम असेल तर वयात येताना त्या बाजूची छाती भरत नाही. पोरी लाजेने वर्षानुवर्षं लपवतात. ताईंनो, मुली, तसं असेल तर आईला सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. त्यावर उपाय आहेत.

आमच्या मुलाचं पहिलं निदान अंगणवाडीत झालं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणून २०१३ पासून एक योजना आहे. तिचं डॉक्टरांचं पथक अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुलं तपासायला येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, एवढंच माझं म्हणणं.

आता पुन्हा मुलांकडे. तुम्ही विचाराल, यावर औषध नाही का? गोळीने बरं होत नाही. पण हा विकार वाढतही नाही. शस्त्रक्रिया मात्र आहे, आणि ती ऐकून मी थक्क झाले. मांडीच्या आतल्या बाजूला एक बारीक लांब स्नायू असतो. तो थोडा काढला तरी चालण्यात काही बिघडत नाही, बाकीचे स्नायू सांभाळून घेतात. हा तुकडा गालात बसवतात आणि चावायच्या मज्जातंतूच्या एका फांदीला जोडतात. १९७६ मध्ये जपानी डॉक्टरांनी लुळ्या चेहऱ्यासाठी मांडीतला हा स्नायू वापरून दाखवला. पुढे कॅनडात टोरोंटोच्या मुलांच्या रुग्णालयात डॉ. रोनाल्ड झुकर यांनी मोबियस असलेल्या मुलांवर अशा पुष्कळ शस्त्रक्रिया केल्या. काही महिन्यांनी तो स्नायू हलायला लागतो. सुरुवातीला हसायचं म्हणजे दात चावायचे! आरशासमोर सराव करत करत पुढे अनेकांना न चावताही हसता येतं.

आमच्या मुलाच्या घरी हे अजून ठरलेलं नाही. त्याची आई म्हणते, 'थोडा मोठा होऊ दे, त्यालाच विचारू.' मला ते पटलं.

अमेरिकेत कॅथलीन बोगार्ट नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापिका आहेत. त्यांना स्वतःला जन्मापासून मोबियस आहे. काही शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं, की समोरच्यासारखा चेहरा आपणही नकळत करतो, म्हणून त्याची भावना ओळखतो. मग ज्यांचा चेहरा हलतच नाही त्यांना दुसऱ्याचा राग-लोभ कळत नसणार! बोगार्टबाईंनी मोबियस असलेल्या ३७ जणांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले. त्यांनी इतरांइतक्याच भावना बरोबर ओळखल्या. तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. असे लोक आपल्या भावना आवाजाच्या चढउतारातून, हातवाऱ्यांतून, अंगाच्या हालचालीतून दाखवतात, हेही बोगार्टबाईंनी अभ्यासलं. ते वाचताना मला सारखे ते पाय आठवत होते.

आणि पोलंडवाल्यांचं? ब्राइस मोल्डर नावाचा अमेरिकन गोल्फपटू आहे. त्याच्या डाव्या छातीचा स्नायू जन्मतः नाही आणि डावा पंजाही लहान. गोल्फची काठी दोन्ही हातांनी धरावी लागते. तरी २०११ मध्ये त्याने अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फची एक मोठी स्पर्धा जिंकली. हे सांगितल्यावर आमच्या मुलाने विचारलं, 'गोल्फ म्हणजे काय?' मी काठी आणि चेंडूने करून दाखवलं. तो म्हणाला, 'म्हणजे विटीदांडूच की!'

आता वर्गात काय चाललंय? जिल्ह्याच्या ठिकाणच्या स्पीच थेरपीच्या ताईंनी त्याला जीभ वरच्या ओठाला आणि दातांना टेकवून प आणि ब काढायला शिकवलंय. ऐकायला ते थोडं वेगळं लागतं, पण कळतं. खिडकीजवळच्या बाकावर आता शाळेचा नकाशा आणि खडूचा डबा असतो. मी त्याची माफी मागितली. त्याने मान हलवली. माफ केलं की नुसतंच ऐकलं, ते मला ओळखता आलं नाही, म्हणून मी सरळ विचारलं. तो म्हणाला, 'थोडंसं.'

आणि मी शिकवताना आता तोंडी विचारते, 'कळलं का? हात वर करा.' त्यामुळे एक नवीनच गोष्ट उघड झाली. मान डोलावून गोड हसणाऱ्या चारपाच जणांना हातच्याची वजाबाकी येतच नव्हती! इतके दिवस मी त्यांना हुशार समजत होते.

फोटो परवा आले. व्हरांड्यात उजेड कमी होता, त्यामुळे जरा अंधारलेले आहेत. पुढच्या बाकावर सगळ्यांचे पाय स्पष्ट आहेत. एका जोडीचे तेवढे पुसट आलेत, हललेले. त्याची अट हीच होती, की बाकीचं काहीही लिहा, पण पायांचं लिहायचंच.